हजेरीपटातलं विसावं नाव

माझं नाव सटवाजी. आता मी हे सरळ लिहितो, पण दोन हजार दोन सालापर्यंत भर बाजारात कुणी मला या नावानं हाक मारली असती, तर मी ऐकू न आल्यासारखं केलं असतं. कळमनुरी तालुक्यात मी केंद्रप्रमुख होतो, म्हणजे बारा-तेरा शाळांवर देखरेख ठेवणारा माणूस. सगळे मला एस. के. सर म्हणत. सहीत एस. के., दारावरच्या पाटीवर एस. के., इतकंच काय, लग्नपत्रिकेतही एस. के. छापून घेतलं होतं. डी.एड.च्या पहिल्याच दिवशी माझं नाव पुकारल्यावर वर्गात जो हशा पिकला होता, तो मी काही विसरलो नव्हतो.

नावाचं जे केलं, तेच बोलण्याचं. नर्सीजवळच्या आमच्या खेड्यात सगळे 'व्हय', 'न्हाई', आणि 'का?'ऐवजी 'काहून?' असंच बोलतात. मी हे सगळं जिभेवरून घासून काढलं आणि मग दुसऱ्यांच्या जिभांमागे लागलो. एखादा शिक्षक 'शिकवून राहिलो' म्हणाला की मी त्याला तिथंच थांबवायचो. 'शिकवतो आहे म्हणा गुरुजी, शिकवतो आहे.' बिचारे म्हणायचे. माझ्या केंद्रातल्या एका शाळेत चौथीची मुलं पुस्तकातली वाक्यं घडाघडा म्हणून दाखवत. समुद्राचे पाणी खारट असते, समुद्रात लाटा उसळतात. मी शेरेबहीत 'उत्कृष्ट' लिहून चहा पिऊन यायचो. लाट म्हणजे काय, असं त्यातल्या एकाही पोराला विचारायचं मला कधी सुचलं नाही.

माझी आई, रुक्माबाई, माझ्याजवळ हिंगोलीलाच राहायची. एकदा घरी वरचे अधिकारी जेवायला आले होते. त्यांना वाढताना आई म्हणाली, "उलीसं घ्या की आनखी." आमच्याकडे थोडंसं म्हणायला उलीसं म्हणतात. मी हसत हसत, पण सगळ्यांदेखत म्हणालो, "आई, थोडंसं म्हण." ती पातेलं उचलून आत गेली. त्यानंतर बाहेरचं कुणी आलं की ती वाढायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. अशी अकरा वर्षं गेली. मला वाटायचं, चला, आईला एकदाचं कळलं.

तर दोन हजार दोनच्या जानेवारीत माझ्याकडे एक तक्रार आली. डोंगरकड्यापासून आत, टेकडीवर शंकरसिंग नायकाचा बंजारा तांडा आहे. तिथं दीड वर्षापूर्वी वस्तीशाळा सुरू झाली होती. शिकवायला शीतल खंदारे नावाची बारावी पास मुलगी होती. ती रत्नपाल खंदारे या शेतमजुराची लेक, खालच्या गावातल्या बौद्धवाड्यातून रोज तीन किलोमीटर चढून वर जायची. तक्रार खुद्द नायकाचीच होती. बाई पोरांना मराठी शिकवायच्या ऐवजी स्वतःच तांड्याची गोरमाटी बोली शिकत बसते, आणि सरकारी हजेरीपटात भलतंसलतं लिहिते, असं त्यात होतं.

विस्तार अधिकारी जहांगीर साहेबांनी मला बोलावून बजावलं, "एस. के., जानेवारीत तांडे रिकामे असतात. सगळे ऊस तोडायला गेलेले. अन् ही बाई एकोणीस पोरं हजर दाखवते. मस्टर बराबर तपासा. हजेरी खोटी निघाली तर शाळा बंद करायचा प्रस्ताव पाठवून द्या, बाईंची छुट्टी."

मी प्रस्ताव आदल्या दिवशीच लिहून ठेवला. फक्त तारीख आणि सही बाकी ठेवली. माझं काम नेहमी असं तयारीचं असे.

तांड्यावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. निम्म्या घरांना कुलपं होती. शाळा म्हणजे नायकाच्या गोठ्याला लागून असलेली पत्र्याची खोली. मी गाडी लावली आणि आत डोकावलो, तर खरोखरच पोरं होती. मी मोजली. एकोणीस भरली. पण मला ते पटेना. साहेब येणार म्हणून शेजारच्या तांड्यावरून गोळा करून आणलेली पोरं मी यापूर्वी पाहिली होती.

शीतल उठून उभी राहिली. बावीस-तेवीस वर्षांची, काटकुळी, पायांवर वाटेची धूळ. मी खुर्चीत बसलो आणि हजेरीपट मागितला. तिनं तो दोन्ही हातांनी पुढे केला. मी उघडला आणि माझं डोकंच तडकलं.

हजेरीपटात मुलाच्या नावापुढे रोज एक छोटा रकाना असतो. हजर असलं की एक खूण करायची, नसलं की दुसरी. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी त्या रकान्यात तिसरं काही पाहिलं नव्हतं. इथं प्रत्येक रकान्यात मुंगीएवढ्या अक्षरात एकेक शब्द लिहिला होता. बाटी. फेटिया. याडी. भिया. पानंच्या पानं भरलेली. काही शब्द रकान्यात मावले नाहीत म्हणून उभे लिहिलेले. सरकारी दप्तराचं असं वाटोळं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"हे काय आहे?" मी ओरडलोच.

"हजेरी हाय सर," ती म्हणाली.

"आहे म्हणा. आणि ही हजेरी? तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलं नाही?"

"शिकवलं सर. पोराचं नाव घ्यायचं, अन् त्यानं ओ दिली की लिवायचं, असं सांगितलं." तिनं पुढच्या रांगेतल्या एका पोराकडे बोट केलं. "पहिल्या दिवशी मी नावं घेतली. एका बी लेकराला हजर म्हंजी काय ते ठाव न्हवतं. माझं मराठीच त्यांना कळंना. नुसती टुकूटुकू बघत व्हती. मंग ह्या नरसिंगचं नाव घेतलं, तर त्यो भाकरीकडं बोट दाखवून म्हनला, बाटी. त्याला भूक लागली व्हती. मी तेच लिवलं. त्यो बोलला म्हंजी त्यो समोर हायच की, सर."

तिचं म्हणणं बिनतोड होतं, आणि समोरच्याचं म्हणणं बिनतोड असलं की मला जास्त राग येतो. "मग दुसऱ्या दिवसापासून तरी खूण करायची!"

"दुसऱ्या दिवशी समदेच शब्द घेऊन आले, सर. नाव घेतलं की आपला शब्द सांगायचा. मला न्हाई कळला तर त्यांनी मला समजून सांगायचं. मी चुकीचं बोलले की हसत्यात. लई हसत्यात. मंग साळा सुटायच्या आत मी त्या शब्दाचं मराठी सांगते, अन् दुसऱ्या दिवशी ते त्यांनी पाटीवर लिवून दाखवायचं. असं चालून राहिलंय."

एव्हाना दारात शंकरसिंग नायक येऊन उभे होते. डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी. ते म्हणाले, "बघा साहेब. मी खोटं लिवलं का? आमची बोली आमच्या घरी हाय. ती शिकायला साळा कशाला पायजे? आमाला मराठी न्हाई येत म्हनून बाजारात, कचेरीत, दवाखान्यात समदे आमाला येडं समजतेत. पोरांना तरी मराठी येऊ द्या. ही बाई चांगली हाय, पन तीच आमच्यातली व्हऊन राहिली."

नायकाचं बोलणं चुकीचं नव्हतं. चाळीस वर्षं कचेऱ्यांच्या दारात ताटकळलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. मी मान डोलावली आणि बॅगेतून तो लिहून ठेवलेला प्रस्ताव बाहेर काढला.

उंबऱ्याशी एक म्हातारी बसली होती, रूपाबाई. तिची तीन नातवंडं वर्गात होती. तिला कागद वाचता येत नव्हता, पण कागद काढणाऱ्याचा चेहरा बरोबर वाचता येत होता. ती म्हणाली, "साहेब, साळा हाय म्हनून औंदा लेकरं माझ्यापाशी ठिवून गेलेत. साळा बंद केली तर पुढच्या साली समदी कारखान्यावर जातील. पाचटाच्या कोपीत राहतील, उसाच्या मोळ्या वाहतील. येवढं ध्यानात ठिवा."

शीतलनं फक्त एकदा त्या कागदाकडे पाहिलं आणि मग पोरांकडे.

मी माझ्या स्वभावानुसार ठरवलं, की आधी हजेरी खोटी आहे हे सगळ्यांसमोर सिद्ध करायचं. मी हजेरीपट उघडला, नावांवर हाताचा पंजा ठेवला आणि डिसेंबरची कुठलीतरी तारीख काढली. उसनी आणलेली पोरं इथं तोंडघशी पडणारच होती.

"फेटिया," मी वाचलं. "कुणाचा शब्द?"

माझ्या उच्चारावर आधी दोन-तीन मुली खुदकन हसल्या. मग सात-आठ वर्षांची एक मुलगी उठली. "माजा."

मी पंजा उचलला. नाव होतं राणी लालसिंग. "तुझं नाव?"

"राणी लालसिंग."

"फेटिया म्हणजे काय?"

"घागरा. माझ्या आईचा. त्येला आरशे हायेत." तिनं हातांनी आरसे किती मोठे ते दाखवलं. "आई कारखान्यावर गेली तवा घरी ठिवून गेली. तितं चिखल व्हतो म्हनून."

मी दुसरी तारीख काढली. शब्द वाचला. एक पोरगा उठला. पंजा उचलला, नाव जुळलं. तिसरी. चौथी. एका शब्दाला दोघं उठले आणि त्यांची तिथंच जुंपली, कारण एकाचा तो मंगळवारचा होता आणि दुसऱ्याचा बुधवारचा. दोघांचंही बरोबर निघालं. मी घामाघूम झालो, आणि पोरांना मात्र हा खेळ फार आवडला. मागच्या रांगेतली पोरं गुडघ्यांवर उभी राहून, आपला शब्द कधी येतो म्हणून हजेरीपटात डोकावत होती. खुणा केलेली हजेरी मी आयुष्यभर तपासली. त्यातली किती खरी आणि किती खोटी, देव जाणे. एवढी पक्की हजेरी मात्र माझ्या हातात पहिल्यांदाच आली होती.

"गोफण," मी वाचलं. नायकाचा नातू नरसिंग उठला. सात वर्षांचा, समोरचे दोन दात पडलेले. हा शब्द तर मराठीतही तसाच, असं मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "बाईच्या गावात बी गोफनच म्हनत्यात. बाईनं सांगितलं. ज्वारीत पाखरं आल्यावर आजा गोफन फिरवतो. मी बी फिरवली. दगड मागंच गेला."

सगळी खोली हसली. नायक हसले नाहीत. ते नातवाकडे पाहतच राहिले. "ह्यो येवढं मराठी कवा शिकला? घरी तर एक शब्द बोलत न्हाई."

नरसिंग म्हणाला, "घरी कोन इचारतंय?"

नायकांनी काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसले.

मी उगाच पानं मागे उलटत राहिलो, कारण आता कुठे पाहावं हे मला कळत नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापाशी माझा हात थांबला. तोवर प्रत्येक रकान्यात वेगळा शब्द होता, कुठं कोंबडं, कुठं पतंग, कुठं रानातलं काही. त्या आठवड्यात मात्र जवळजवळ वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता. याडी. याडी. याडी. एकोणीसपैकी चौदा नावांपुढे, सलग चार दिवस.

"हे काय?" मी हळू विचारलं. "इतक्या जणांचा एकच शब्द?"

शीतल म्हणाली, "याडी म्हंजी आई, सर. त्या आठवड्यात टोळ्या गेल्या, ऊसतोडीला. गाड्या भरून गेल्या सकाळीच. मी नाव घेतलं की ज्यांच्या आया गेल्या ती समदी तेच म्हनत व्हती. मी म्हनलं, दुसरा शब्द सांगा. न्हाई म्हनले. मंग मी बी तेच लिवलं." ती जरा थांबली. "मला बराबर बोलता येत न्हवतं, पन त्या आठवड्यात मी त्यांच्याच बोलीत बोलले, सर. त्या वक्ती त्यांना मराठी शिकवायचं मला जमलं न्हाई. त्याची काय शिक्षा असंल ती द्या."

मला रडू आलं. लाजण्यासारखं काही नाही, आलं. चष्मा पुसायचं निमित्त करून मी दाराकडे तोंड केलं. तेवीस वर्षं मी शाळांमध्येच काढली, आणि पोरांच्या आया निघून गेल्याची नोंद एकाही हजेरीपटात मला दिसली नव्हती. या बारावी पास पोरीला रकान्यात काय भरायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून ती नोंद झाली. तिचं हे लिहिणं मला आधी कळलं असतं तर मी तिला तेव्हाच थांबवलं असतं, आणि मोठा शहाणा म्हणून मिरवलो असतो.

मी हजेरीपट मिटायला लागलो तर राणी पुढे आली. "साहेबांचा शब्द?"

"राणी, बस खाली," शीतल घाईनं म्हणाली.

"पन साळेत आलं की शब्द सांगाया लागतो! तूच म्हनलीस. डॉक्टरांनी बी सांगितला व्हता, सुई टोचाया आले तवा."

एकोणीस पोरं माझ्याकडे पाहत होती. माझ्याकडे शब्दांची काही कमी नव्हती. भाषणांत वापरायचे मोठमोठे शब्द मला पाठ होते. पण ते सगळे शाळेत शिकलेले, दुसऱ्यांचे. घरून आणलेला एखादा शब्द मी शोधायला लागलो, तर मला आधी काही मिळेचना. आणि मग मिळाला.

"उलीसं," मी म्हणालो.

माझाच आवाज मला परका वाटला. पोरांना शब्द कळला नाही, पण शीतलच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिच्या घरचाही तो शब्द होता. तिनं एकोणीस नावांच्या खाली विसाव्या ओळीवर पेन टेकवला आणि विचारलं, "सर, नाव काय लिवू? पूर्ण नाव लागतं."

"सटवाजी," मी म्हणालो. "सटवाजी किसनराव."

कुणी हसलं नाही. उलीसं म्हणजे काय, असं नरसिंगनं विचारलं, तेव्हा मी खडूचा एक छोटा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "हे उलीसं." मग प्रत्येकालाच उलीसं पाहिजे झालं, आणि शीतलचे दोन खडू संपले.

निघताना मी तो हजेरीपट ताब्यात घेतला. साहेबांना दाखवणं भागच होतं. लिहून आणलेला प्रस्ताव मी नायकांसमोर फाडला. नायक माझ्यासोबत गाडीपर्यंत आले आणि म्हणाले, "साहेब, ती तक्रार मी परत घेतली असं लिवता येतं का? मला मराठीत लिवता येत न्हाई. नरसिंग लिवील, पन त्याला दोन वर्सं लागतील." मी म्हणालो, मी लिहितो, तुम्ही अंगठा द्या.

खरी पंचाईत पुढेच होती. जहांगीर साहेब माणूस सज्जन, पण कागदाचे पक्के. रविवारी ते माझ्या घरी जेवायला आले. जेवणाआधी मी त्यांच्यासमोर हजेरीपट ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. ते पानं उलटत राहिले. ऑक्टोबरपाशी तेही थांबले.

"एस. के.," शेवटी ते म्हणाले, "हे मस्टर तपासणीत गेलं तर त्या मुलीची नोकरी जाईल, शाळाही जाईल. कायद्यानं हे दप्तर खराब झालंय."

"हो साहेब. म्हणून मी तपासणी अहवालात लिहिलंय, की केंद्रप्रमुखानं स्वतः या पद्धतीनं हजेरी दिली आहे. कारवाई करायची तर माझ्यापासून सुरू करावी लागेल."

त्यांनी शेवटचं पान काढलं. "विसावं नाव. हा सटवाजी कोण?"

"मी, साहेब."

ते हजेरीपट मिटून माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बाईंना दोन मस्टर ठेवायला सांगा. खुणांचं दफ्तरासाठी. हे शाळेत राहू द्या. कुणी विचारलं तर मी बघतो." आणि जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "माझ्या अम्मीचा एक शब्द मलाही द्यायला आवडला असता."

तेवढ्यात आई भाकरी आणि कालवणाचं पातेलं घेऊन बाहेर आली. पाहुणा होता, म्हणून नेहमीप्रमाणे तिचं तोंड बंद. साहेबांच्या ताटात तिनं गुपचूप वाढलं आणि माझ्याकडे वळली.

"आई," मी म्हणालो, "उलीसं वाढ."

तिचा हात पातेल्यावरच राहिला. तिनं आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाहेरचा माणूस बसलाय हे मी विसरलो की काय, असं तिला वाटलं असावं.

"उलीसं वाढ, आई," मी पुन्हा म्हणालो.

"उलीसं काहून?" ती म्हणाली. "पोटभर खा की रे, सटवा." आणि मग पदर सावरून ती साहेबांकडे वळली. "तुमी बी घ्या की साहेब. उलीसं."

साहेबांनी ताट पुढे केलं.